बत्तीस धड्यांची पोथी

अक्षदा डॉक्टर झाली तर लवू घाडीला काय मिळणार होतं, ते आधी बघून घेऊ. पैशाचं सोडा, डॉक्टरकीचा पैसा दिसायला दहा वर्षं लागतात आणि तोवर मुलगी सासरी जाते. लवूला मिळणार होती एक हाक. परळला एका मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलमध्ये तो सत्तावीस वर्षं काउंटरला उभा होता, आणि सत्तावीस वर्षांत लोकांनी त्याला "ए भाऊ", "बॉस", "शुक शुक" आणि "तो टकला कुठे गेला" ह्यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. शिकाऊ डॉक्टर पोरं तर तेवढंही म्हणत नसत. चिठ्ठी पुढे सरकवायची आणि फोनवर बोलत राहायचं. त्यांच्या अक्षराची कोडी सोडवून, घाईत चुकलेला डोस हळूच परत विचारून लवूने किती जणांची अब्रू राखली होती, त्याची कुठे नोंद नव्हती. मुलगी डॉक्टर झाली की हाच लवू "डॉक्टरांचे वडील" होणार होता. लालबागेतल्या त्याच्या चाळीत वर्षाच्या पूजेला पहिल्या रांगेत हात असलेल्या खुर्च्या मांडतात, त्या अशाच वडिलांसाठी. लवू आजवर मागे उभा राहून चपलांवर लक्ष ठेवायचा.

आड एकच गोष्ट येत होती. अक्षदा वाचत नव्हती.

पहिल्या वर्षी नीटच्या प्रवेशपरीक्षेत तिला सातशेवीसपैकी चारशेदोन मार्क पडले. दादरच्या क्लासच्या उन्मेष सरांनी लवूला आणि त्याच्या बायकोला, कमलला, समोर बसवून घेतलं.

"मुलगी हुशार आहे," सर म्हणाले. हे वाक्य क्लासच्या फीतच धरलेलं असतं. "पण वाचनाची सवय नाही. सगळं व्हिडिओवर. बायोलॉजीचं पुस्तक लाइन बाय लाइन वाचायला हवं. दहा वेळा. पेपरात वाक्यं जशीच्या तशी येतात."

"दहा वेळा?" लवूने विचारलं.

"कमीत कमी. अकरा झाली तर उत्तमच."

अकरा हा आकडा कानावर पडला आणि लवूचा चेहरा उजळला. बत्तीस धड्यांचा ग्रंथ, ओळ न ओळ, अकरा वेळा. घाडींच्या घरात ह्या प्रकाराला पिढ्यानपिढ्या एकच शब्द होता. पारायण.

त्याने आधी मोजून बघितलं. पुस्तक उघडल्यापासून मुलीचा हात फोनकडे किती वेळाने जातो? सहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ लावलं. पाच मिनिटं चाळीस सेकंद. हॉस्पिटलसमोर आयुष्य काढलेला माणूस रिपोर्ट दोनदा काढल्याशिवाय घाबरत नाही. आता तो घाबरला आणि तिसऱ्या मजल्यावर कुशाबांकडे गेला.

कुशाबा शिवडीच्या गोदामातून कधीच रिटायर झालेले, पण पोथीवाचनात अजून ड्यूटीवर. श्रावणात चाळीतल्या निम्म्या घरांत तेच बसायचे. आवाज असा, की न बोलावलेल्या शेजाऱ्यालाही पुण्य फुकट पोचायचं.

"सवय लागत नाही, लवू, सवय बसते," कुशाबा म्हणाले. "आधी बूड बसलं पाहिजे. मग मन जाऊन जाऊन जाणार कुठे? पाट ठरलेला ठेव. तोंड पूर्वेला. वाचायचं मोठ्याने, मनात वाचणाऱ्याचं मन कुठे फिरत असतं, कोणी बघितलंय? समोर ऐकणारा पाहिजेच, नाहीतर वाचणारा पानं खातो. आणि एकदा अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, विचारायचं नाही. अध्याय मोडला की पारायण मोडलं."

"पण पुस्तक इंग्लिश आहे. ऐकून मला काय कळणार?"

"तुझ्या आजाला संस्कृत कळायचं?"

"नाही."

"फळ मिळालं ना त्याला?"

आजाला नेमकं काय मिळालं होतं ते लवूला आठवेना. पण असा प्रश्न आला की नाही म्हणायची पद्धत नाही.

गुरुवारी सुरुवात झाली. दहा बाय पंधराच्या खोलीत पूर्वेला फ्रिज होता, त्यामुळे अक्षदाचं तोंड फ्रिजकडे.

"पप्पा, हे बायोलॉजी आहे. पोथी नाही."

"पाठच करायचंय ना? मग तिला काय नि ह्याला काय. बस."

फोन लवूच्या खिशात गेला. सकाळी सहा ते आठ ऐकायला लवू. दुपारी एकला तो दुकानात जायचा तो रात्री दहाला सुटायचा, म्हणून संध्याकाळी पाच ते सात ऐकायला कमल. कमल सकाळी एका शाळेच्या कॅन्टीनला पोळ्या लाटायची आणि दोनपर्यंत घरी यायची. सकाळी बायोलॉजी, संध्याकाळी बायोलॉजीचे उरलेले धडे, शिवाय फिजिक्स आणि केमिस्ट्री. लवूच्या मते पोथी ती पोथी, तिच्यात डावं-उजवं नसतं. पहिल्या आठवड्यात चाळीने "व्ही इज इक्वल टू यू प्लस ए टी" एवढ्या वेळा ऐकलं की खालच्या मजल्यावरची मुलं लपंडावात शंभर मोजण्याऐवजी तेच म्हणू लागली.

बारावीच्या पुस्तकातला दुसरा धडा मानवी प्रजननाचा. तो लवूच्या वाट्याला सकाळीच आला. लवूला इंग्लिश येत नव्हतं, पण त्या धड्यातला एक शब्द असा नव्हता ज्याच्यावरचं औषध त्याने विकलं नव्हतं. अध्याय मोडता येत नव्हता. उठता येत नव्हतं. तो पंख्याची पाती मोजत बसला. तीन होती, चाळीस मिनिटं तीनच राहिली. अक्षदानेही नेहमीपेक्षा जरा पळवत वाचलं. शेवटची ओळ संपल्यावर लवूने घसा साफ केला, "चांगला आहे धडा," म्हणाला आणि पुढचा धडा कशावर आहे ते विचारलं. पुढचा संततिनियमनावर होता. कुठले धडे सकाळी आणि कुठले संध्याकाळी, ह्याची कायमची वाटणी त्याने त्याच दिवशी केली.

आता जे झालं ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. सवय बसली. गणपतीपर्यंत अक्षदा वीस मिनिटं न हलता वाचायला लागली, दिवाळीपर्यंत पन्नास. फोन मागायची विसरायला लागली. क्लासच्या चाचणीत बायोलॉजीत तीनशेसाठपैकी तीनशेबारा आले. एकूण मार्क जानेवारीत चारशेअठ्ठ्याहत्तरवर गेले. चाळीतली माणसं घाडींच्या दारावरून जाताना आवाज बारीक करू लागली. कुशाबा जिन्यात भेटले की "कितवं?" एवढंच विचारायचे आणि लवू एका शब्दात सांगायचा, "सातवं." "आठवं." अक्षदाने एका डायरीत पारायणांच्या खुणा ठेवल्या होत्या.

फेब्रुवारीत एके दिवशी दुकानमालकाच्या घरी मयत झालं आणि शटर पाचलाच खाली आलं. लवू साडेपाचला चाळीत पोचला. गॅलरीत आला तर वाचनाचा आवाज नाही. आवाज होता तो कमलचा.

"कसलो ब्लॉक?"

"लाकडाचा गं, आई. उतारावर ठेवलाय. दोन किलोचा."

"कोणी ठेवल्यान?"

"कोणी नाही. गणितात असतो."

"आणि घर्षण नाय असा समजा म्हणतत? असा कसा समजूचा? तेल सांडलला आसा काय थंय?"

"हो. समज तेल सांडलंय."

"मगे तसा सरळ सांगाचा. म्हणजे तो ब्लॉक घसारतलो. किती जोरात घसारता ता इचारतत?"

"हो, तेच. आता पृथ्वी त्याला खाली ओढतेय—"

"खाली म्हणजे सरळ खाली? पण तो तर तिरको जाता मा?"

उत्तराऐवजी खडू फरशीवर घासल्याचा आवाज आला.

"थांब. थांब हां, आई. तिरका जातो म्हणजे ओढ आख्खी लागणारच नाही. मी आख्खी घेत होते. म्हणून महिनाभर उत्तर चुकतंय!"

"बरा. आता किडनीचा परत सांग. कालचा माका कळाक नाय. पाणी बाहेर टाकूचा तर आधी आत कित्याक घेता?"

लवू दारात उभा राहिला. कमल सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती. अक्षदा पाटावर नव्हती. फरशीवर पालथी पडून खडूने डोंगर काढत होती, आणि तिचं तोंड उत्तरेला होतं.

"तोंड कुठेय?" लवू म्हणाला.

"कोणाचं?" अक्षदाने विचारलं.

"रोज असंच चालतं?"

"कसं?"

"हे मध्ये विचारणं."

कमलने सुंगटाचं डोकं काढून बाजूला टाकलं. "मगे काय दोन तास नुसता व्हय व्हय करू? माणूस समोर बसान बोलता, माका कळला नाय तर मी इचारतलंय."

"पण अध्याय मोडतो."

"माझ्याकडसून काय मोडाक नाय. सगळा हयच आसा."

लवूने डायरी काढली. नऊ खुणा. सकाळचे अध्याय अखंड. संध्याकाळचा एकही नाही, अगदी पहिल्या गुरुवारपासून. तो तसाच तिसऱ्या मजल्यावर गेला आणि ज्या सुरात गिऱ्हाईक "मित्रासाठी पाहिजे" म्हणत औषध मागतं त्या सुरात म्हणाला, "कुशाबा, समजा एखाद्याच्या घरी ऐकणारा मध्ये बोलला, तर?"

"शून्य."

"आधी नऊ झाली असतील तरी?"

"फुटक्या अंड्यांचं डझन मोजतात का रे?"

परीक्षेला अकरा आठवडे होते. लवूने रात्रभर विचार वगैरे केला नाही. तो सवयीने काउंटरवरचा माणूस, त्याला दुखणं सांगितलं की हात आपोआप फडताळाकडे जातो. दुसऱ्या दिवशी त्याने एक अख्खी सुपारी आणून कमलच्या हातात ठेवली.

"ह्या काय?"

"पाच ते सात गालात धर. चघळायची नाही, गिळायची नाही. म्हणजे बोलणं होणार नाही. फक्त अकरा आठवडे. तिच्यासाठी."

तिच्यासाठी म्हटल्यावर कमलने सुपारी गालात धरली. पारायण पहिल्यापासून सुरू झालं, अखंड, पूर्वेला तोंड करून. कुशाबा जिन्यात भेटले तेव्हा लवूने "दहावं" म्हणूनच सांगितलं. शून्यावरून परत सुरुवात झालीय हे सांगायला त्याची जीभ वळली नाही.

मार्चच्या पहिल्या चाचणीत चारशेचौपन्न. दुसरीत चारशेएकतीस.

उन्मेष सरांचा फोन दुकानात आला. "घाडी, घरी काही झालंय का? बायोलॉजी ठीक आहे. फिजिक्स-केमिस्ट्री कोसळलंय. मध्यंतरी फार सुंदर चढत होती. काय बदललं?"

"काही नाही, सर. उलट शिस्त वाढलीय."

"मग ती वाढवायच्या आधी जे काय करत होता ना, ते करा."

त्या रविवारी कधी नव्हे ते दुकान अर्धाच दिवस होतं. लवू संध्याकाळी घरी होता, म्हणून त्याने कोपऱ्यात बसून ऐकलं. अक्षदा केमिस्ट्री वाचत होती. आवाज एका पट्टीत, कुठे अडणं नाही, टायर ओल्या रस्त्यावरून जावा तसा. एका ओळीला मात्र ती किंचित थांबली आणि तिने आईकडे बघितलं. कमलने गाल फुगलेलाच ठेवून भुवया वर केल्या, हाताने 'म्हणजे?' असं विचारलं. अक्षदाने वडिलांकडे बघितलं. आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

लवूने हे त्या दोन तासांत सहा वेळा बघितलं. मोजायची सवय होतीच.

सोमवारी कमलने पाच वाजता हात पुढे केला. लवूने दुकानातून त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती. कारण कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

"सुपारी?"

"संपली."

"एकच तर व्हती. संपतली कशी?"

"हरवली."

"मगे दुसरी आणा."

"मिळत नाही."

"लालबागेत सुपारी मिळणा नाय?"

"नाही मिळत म्हटलं ना. सगळीकडे विचारलं."

कमलने त्याच्याकडे बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढं सपशेल माघार घेणं तिने त्याच्याकडून कधी बघितलं नव्हतं, आणि ती हातची घालवण्याइतकी ती खुळी नव्हती. ती अक्षदाकडे वळली. "काल तो एक शब्द चार वेळा इलो. ता म्हणजे काय गो?"

अक्षदा पाटावरून उतरून फरशीवर आली आणि खडू शोधायला लागली. लवू दारात जाऊन गॅलरीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे अध्याय मोडताना त्याने बघितलं असं होऊ नये. उरलेल्या दोन पारायणांच्या खुणा त्याने डायरीत स्वतःच्या हाताने करून टाकल्या.

मेमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला: पाचशेएकवीस. पेपर अवघड निघाला होता, त्यामुळे तेवढ्यात जमलं. ऑगस्टमध्ये चंद्रपूरच्या बाजूला सरकारी कॉलेजात सीट लागली. अक्षदाने आधी आईला मिठी मारली, मग वडिलांना, आणि मग फोन घेतला.

चाळीची सत्यनारायणाची पूजा त्याच महिन्यात होती. पहिल्या रांगेत, हात असलेल्या खुर्चीवर, लवू घाडी. शेजारी कुशाबा. दोघांनाही शाल-श्रीफळ. कमल मागे प्रसादाच्या पातेल्याशी उभी राहून द्रोणात शिरा भरत होती, कारण तो कोणीतरी भरायलाच लागतो. कुशाबांनी माइक घेतला. अखंड अकरा पारायणं, एकही अध्याय मोडला नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं, आणि आजच्या मुलांचं बूड बसत नाही हे दोनदा.

मग माइक लवूकडे आला. "घाडी, तुम्हीच सांगा, नेमकं काय केलंत?" समोरून कोणीतरी विचारलं.

अक्षदा मागून वाकली आणि पुटपुटली, "पप्पा, आईचं सांगा ना. ती विचारायची ते."

लवूने माइक धरला. समोर शंभर-सव्वाशे माणसं. शेजारी कुशाबा, हातात श्रीफळ. आईचं सांगायचं म्हणजे अध्याय मोडल्याचं सांगायचं. मग डायरीतल्या खुणा आल्या, सुपारी आली, आणि त्या खुर्चीचं काय करायचं हा प्रश्न आला.

"कुशाबांनी सांगितलं तसं केलं," लवू म्हणाला. "नियम पाळले."

टाळ्या पडल्या. मागे पळी पातेल्यावर एकदा आपटली. शिरा चिकट होता.

टाळ्या थांबायच्या आत दुसऱ्या मजल्यावरचे राजेश उठून उभे राहिले. त्यांची रुचा नववीत. तिला डॉक्टर करायचं हे राजेशनी ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं, आता फक्त पद्धत मिळाली होती. "कुशाबा, आमच्या रुचाचा पण संकल्प करून टाका. येता शुक्रवार कसा आहे?"

रुचा उभी राहिली. उंच, सडपातळ पोर. शाळेच्या खो-खोच्या टीमची कॅप्टन, आणि संध्याकाळी पाच ते सात तिची मैदानावर प्रॅक्टिस. तिने बापाला काही विचारलं नाही, कुशाबांना नाही. सरळ लवूला विचारलं, "काका, वाचताना मध्येच काही कळलं नाही तर? थांबून विचारलं तर चालेल ना?"

अक्षदाने वडिलांकडे बघितलं. कमलने हातातला द्रोण भरायचा थांबवला. कुशाबा मात्र निवांत होते. उत्तर त्यांना माहीत होतं.

लवूने शाल नीट केली.

"नाही," तो म्हणाला. "अध्याय मोडतो."

अक्षदा पुढच्या आठवड्यात चंद्रपूरला गेली. जाताना तिने वडिलांना नमस्कार केला, पण त्या उत्तरावर एक शब्द बोलली नाही, आणि लवूनेही विचारलं नाही; ह्या घरात न विचारण्याचा नियम एवढा एकच माणूस शेवटपर्यंत पाळत होता. कमलने त्या रात्री सुंगटांचं कालवण केलं, त्यात मीठ नव्हतं. लवू मुकाट्याने जेवला.

तेव्हा हिशेब असा. अक्षदाला सीट मिळाली. लवूला हाक मिळाली. हॉस्पिटलची पोरं अजून शुक शुकच करतात, पण चाळीत तो डॉक्टरांचा बाप आहे. कुशाबांना त्या श्रावणात नेहमीपेक्षा सात घरं जास्त आली, त्यांतली चार नुसत्या अभ्यासाची. उन्मेष सरांनी 'घरच्या घरी वाचनाची सवय' ह्या विषयावर पालकांचं एक शिबिर घेतलं. कमलला काही मिळालं नाही, पण तिने मागितलंही नव्हतं, म्हणून तिचं नाव ना जमेत ना खर्चात.

किंमत भरली ती रुचाने. शुक्रवारपासून संध्याकाळी पाच ते सात दुसऱ्या मजल्यावरून तिचा आवाज येतो, एका पट्टीत, न अडखळता, कुठेही न थांबता. समोर तिची आई बसलेली असते. बाई फार शिस्तीची आहे. तोंडातून शब्द काढत नाही. शाळेच्या खो-खोच्या टीमने नवी कॅप्टन निवडली.